ऑलिव्हची दोरी

सिरिल लार्टर गेला त्याला दोन हिवाळे झाले, म्हणून आता हे सांगायला हरकत नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. पण मी सिरिलबद्दल नुसतं चांगलंच बोलायला लागलो, तर तो मातीखालून विचारेल, "टेड, हे कोणाबद्दल चाललंय?" तेव्हा जसा होता तसाच सांगतो.

मी हल्व्हरबीचा न्हावी. आता दुकान बंद केलंय, पण गावातल्या सगळ्या डोक्यांवरून माझा हात फिरलाय आणि त्या डोक्यांच्या आत काय चालतं तेही मला बरंचसं ठाऊक आहे. खुर्चीत बसवून मानेभोवती कापड बांधलं की माणूस आपोआप कबुलीजबाब द्यायला लागतो. आमच्या व्हिकर बाईंना चर्चमध्ये जे कधी ऐकायला मिळालं नाही, ते मला कात्रीच्या आवाजात फुकट मिळत आलं. एक सिरिलच असा होता की खुर्चीत बसला की डोळे मिटायचा आणि पक्ष्यांबद्दल बोलायचा. अशा गिऱ्हाइकाचा न्हाव्याला काय उपयोग?

सिरिल बस चालवायचा. हिरवी, म्हातारी, चढ आला की खोकणारी. उन्हाळ्यात लेस्टर-बर्मिंगहॅमकडची माणसं आमच्या नॉरफोकात हवा खायला येतात, त्यांना गावोगाव फिरवायचं हे त्याचं काम. क्रोमरला खेकडे खाऊ घालायचे, नॉरिचच्या बाजारात हरवू द्यायचे आणि पुन्हा शोधायचे, ब्लेकनीला वाळूवर लोळणारे सील प्राणी दाखवायचे, होल्टला चहा पाजायचा. पण सिरिलची बस ठरलेल्या वेळी ठरलेल्या गावाला पोचली, असं मी तरी ऐकलं नाही. दलदलीवर एखादा ससाणा घिरट्या घालताना दिसला की बस थांबली. रस्त्यात बेडूक आले की बस थांबली. पलीकडच्या वेल्स गावी हिवाळी बदकं उतरायची वेळ झाली, की सगळ्यांना थंडीत खाली उतरवून माना वर करायला लावायचा. लोक कुरकुरायचे. पण पुढल्या वर्षी तेच लोक पुन्हा त्याच बसचं तिकीट काढायचे.

एकदा एक बदकीण पिल्लांची रांग घेऊन अरुंद रस्त्याच्या मधोमध चालली होती. सिरिल तिच्यामागून चालण्याच्या वेगानं बस हाकत होता. त्याच्या मागं एक सजवलेली मोटार अडकली. थोड्या वेळानं मोटारीतून नवरी उतरली, झगा गुडघ्यापर्यंत उचलून बसच्या दाराशी आली आणि ओरडली, "सिरिल लार्टर, आज माझं लग्न आहे!"

"तिचीही पोरं आहेत," सिरिल म्हणाला. "आणि तुझा नवरा काही पळून जात नाही, बेरिल. गेलाच, तर लवकर कळलेलं बरं."

नवरा पळाला. त्या दिवशी नाही, काही वर्षांनी, शेरिंगहॅमच्या एका विमावाल्या बाईबरोबर. बेरिलनं माहेरचं गॉट्स हे आडनाव परत लावलं आणि बापाच्या घरी राहायला आली. हे घर सिरिलच्या घराला लागून. मधे फक्त झुडुपांचं एक कुंपण. त्या बदकिणीचा उल्लेख बेरिलनं पुढं आयुष्यभर केला. सिरिलला दोष द्यायला तिला कधी विषय कमी पडला नाही, हे एवढ्यासाठीच सांगून ठेवतो.

ऑलिव्ह त्याला बसमध्येच भेटली. गुरुवारी फेकनमचा बाजार असतो, तिथून ती टोपली घेऊन चढली. पुढं किनाऱ्याशी बस आली तेव्हा सिरिल ओरडला, "डाव्या हाताला सील!" आणि सगळी माणसं डाव्या खिडक्यांवर तुटून पडली. उजवीकडं एकटी ऑलिव्ह बसून राहिली, बीटच्या शेतांकडं बघत.

"सील नाही बघायचे?" सिरिलनं आरशातून विचारलं.

"सगळे तिकडं गेले तर बस कलंडेल," ती म्हणाली. "इकडं कोणीतरी बसायला हवं."

सिरिलनं तिथंच ठरवलं म्हणे. मला विचाराल तर त्यानं कसलं ठरवलं, तिनंच ठरवलं होतं. पण ती समुद्राकडं बघत नव्हती त्याचं कारण बस नव्हतं. लहानपणी, मोठ्या पुराच्या वर्षी, ती किनाऱ्यावर मावशीकडं राहायला आली होती. समुद्र स्वयंपाकघरात शिरला आणि जाताना मावशीला घेऊन गेला. ऑलिव्ह टेबलावर उभी होती. त्यानंतर समुद्रकाठच्या माणसाशी लग्न करून, समुद्रावरच्या गावात येऊन राहिलेली ही बाई कधी वाळूवर उतरली नाही. घरात चूल मागच्या बाजूला, खुर्ची मागच्या बाजूला, बाग मागच्या बाजूला. "समुद्राशी माझं बोलणं नाही," असं म्हणायची, जसं आपण एखाद्या नातेवाइकाबद्दल म्हणतो.

फक्त एकदा उतरली.

आमचा कडा वाळूचा आणि चिकणमातीचा. त्याच्या टोकाला जुनं चर्च आणि चर्चभोवतीची दफनभूमी. कड्याच्या उभ्या भिंतीत वाळूभिंगऱ्या बिळं करून घरटी घालतात. मार्च संपता संपता आफ्रिकेकडून येतात, मुठीत मावेल एवढा तपकिरी पक्षी, आणि हातभर खोल बीळ पायांनी उकरतात. एका मे महिन्यात कुठल्याशा ठेकेदारानं कड्यावर पाण्याची नाली खोदायला यंत्र लावलं. वर जमीन हादरली आणि खाली बिळंच्या बिळं खचली. सिरिल बस तशीच रस्त्यात टाकून खाली धावला. ढिगाऱ्यातून पिल्लं उकरत होता, तर त्याच्याशेजारी कोणीतरी गुडघ्यांवर बसलं. ऑलिव्ह. समुद्राकडं पाठ करून ती एप्रनमध्ये पिल्लं गोळा करत होती. सारखी थरथरत होती, पण उठली नाही. एकही जगलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी सोडली आणि सिरिलच्या हातात दिली. "पहिली भिंगरी दिसली की ही दोरी बांधायची. शेवटची जाईपर्यंत दोरीपलीकडं कोणी पाऊल टाकायचं नाही, खणायचं नाही, गवत कापायचं नाही. मग तो कोणी का असेना."

सिरिलनं ते गावाच्या गळी उतरवलं. चर्चच्या समितीत भांडला, माझ्या दुकानात भांडला, आणि आमच्या 'हेरिंग' पबात तर रोजच. शेवटी गावानं त्याचा सणच करून टाकला. ज्याला पहिली वाळूभिंगरी दिसेल त्यानं सरळ हेरिंगमध्ये यायचं, टोपी काढायची आणि "आली" म्हणायचं. पबवाला क्लेम त्याला बिअरचा एक ग्लास फुकट भरून देणार. ग्लास भरला की दोरी बांधायला सिरिल निघाला. क्लेमचा बाप असताना फुकट काही मिळालं असतं तर ते वर्तमानपत्रात आलं असतं, पण या एका ग्लासाला तोही नाही म्हणाला नाही.

ऑलिव्ह गेली ती एका पावसाळी नोव्हेंबरात. सिरिलचे सगळे पूर्वज त्या जुन्या दफनभूमीत होते आणि तेव्हा तिची जागा कड्यापासून चांगली लांब होती. मधे लार्टरांच्या दोन रांगा आणि क्रिकेट खेळता येईल एवढं गवत. तरी तिनं त्याचा हात धरून सांगितलं होतं, "इथं तुझ्या माणसांत मला ठेव, सिरिल. पण त्याच्या हाती देऊ नकोस." तो म्हणजे समुद्र. सिरिलनं शब्द दिला. कोणीही दिला असता.

पण आमचा समुद्र फार चिवट आहे. तो उडी मारत नाही, कुरतडतो. आधी क्रिकेटचं गवत गेलं, मग लार्टरांची पहिली रांग. आणि अशी वेळ आली म्हणजे काय करायचं याची आमची जुनी रीत आहे. आपल्या माणसाचं थडगं ढासळलं तर आपण खाली जायचं नाही. शेजाऱ्यानं जायचं, ओहोटीला, दोन कानांची, हेरिंग मासळी भरायची टोपली घेऊन. टोपलीचा दुसरा कान धरायला आणखी एक जण. किनाऱ्यावर एक अक्षर बोलायचं नाही. जे सापडेल ते पांढऱ्या कापडात ठेवायचं, घराच्या मागच्या दाराशी न्यायचं आणि दारात उभं राहून नाव सांगायचं, की अमका आलाय. मग गावामागच्या नव्या जागेत पुरायचं. आधीच थडगं हलवायचं असेल तर बिशपच्या कचेरीतून परवानगी आणावी लागते, आणि ती कचेरी समुद्रापेक्षाही हळू चालते.

बेरिलच्या बापाच्या, जॉर्ज गॉट्सच्या थडग्याची परवानगी आली ती नेमकी मार्चच्या शेवटी. माणसं खणायला येणार त्याच्या आदल्या दिवशी भिंगरी आली. बेरिल सिरिलच्या दारात गेली. मी तेव्हा त्याच्याच स्वयंपाकघरात त्याचे केस कापत होतो, त्यामुळं सगळं ऐकलं. मुद्दाम नाही; म्हणजे, कात्री जरा हळू चालवली, एवढंच.

"एकच आलीय, सिरिल. एकच! दोन दिवस दे. मग बांध तुझी दोरी, आणि हवं तर मलाही बांध."

"पहिली आली म्हणजे सगळ्या आल्या, बेरिल."

"माझा बाप आहे तो."

"माहितेय मला. पण आज तुला मोकळं सोडलं तर उद्या कोणाला थांबवू?"

दोरी बांधली गेली. जूनमध्ये जॉर्ज खाली गेला. शेजारी म्हणून टोपली घेऊन जाणं सिरिलकडंच आलं. तो गेला. मागच्या दाराशी येऊन म्हणाला, "जॉर्ज आलाय, बेरिल." तिनं टोपली घेतली आणि दार लावलं. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलेना.

म्हणजे बोलायची, पण त्याच्या मांजराशी. मस्टर्ड नावाचं पिवळं मांजर होतं, ते कुंपणावर बसायचं. "मस्टर्ड, तुझ्या मालकाला सांग, त्याच्या झाडाची पानं माझ्या पन्हळीत पडतात." "मस्टर्ड, तुझा मालक रविवारी मळका कोट घालून चर्चला आला होता, ऑलिव्ह असती तर जाऊ दिला असता का?" आणि सिरिल आतून म्हणायचा, "मस्टर्ड, म्हणावं कोट धुवायला टाकलाय." सगळ्या गावाला या मांजराचा फार कळवळा होता. दोन माणसांची मनं एका मांजरानं वाहायची म्हणजे सोपं काम नाही.

त्यानंतरचा दुसरा हिवाळा वाईट गेला. लार्टरांची दुसरी रांग गेली आणि ऑलिव्हचा दगड कड्यापाशी आला. सिरिलनं शरदातच अर्ज केला होता. परवानगी आली ती पुन्हा मार्चअखेर, एका शुक्रवारी. खणणारी माणसं सोमवारी येणार होती.

शनिवारी सकाळी दाट धुकं होतं. दुपारी आम्ही नेहमीचे हेरिंगमध्ये बसलो होतो. बेरिल खिडकीशी, सायडरचा अर्धा ग्लास घेऊन. दार उघडलं. सिरिल आत आला आणि त्यानं टोपी काढली.

"आली," तो म्हणाला.

क्लेम एकच ग्लास पुसत राहिला.

"कोण आली? बस?" मी म्हणालो. लोक हसले, जरा जास्तच.

"भिंगरी, टेड."

"चष्मा होता डोळ्यांवर? गेल्या आठवड्यात माझ्या बायकोला व्हिकर बाई समजून रामराम घातलास तू. ती अजून आशीर्वाद देत फिरतेय."

"होता चष्मा."

"गोठ्यातली भिंगरी असेल रे," क्लेम म्हणाला. "लांब शेपटीची. ती यायची वेळ झालीच आहे."

"शेपटी आखूड होती. गळ्याशी पट्टा होता."

"धुक्यात पट्टा दिसला?" मागून कोणीतरी म्हणालं.

"धुक्याच्या खालून उडत होती."

क्लेमनं फडकं खांद्यावर टाकलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "असं कर, गड्या. सोमवारी संध्याकाळी ये. तेव्हा पुन्हा दिसली तर सांग. ग्लास कुठं पळून चाललाय का?"

याहून उघड कोणी काय बोलणार? त्या खोलीतल्या एकाही माणसानं भिंगरी पाहिली नव्हती. सिरिल घरी गेला असता, चहा करून गप्प बसला असता, तर सोमवारी ऑलिव्ह सुखरूप मागच्या जागेत गेली असती आणि आम्ही मंगळवारी त्याच भिंगरीचा ग्लास भरला असता. आम्ही सगळे त्याला दार उघडून देत होतो आणि तो उंबरठ्यावर उभा होता. एका हाताला दोरी, दुसऱ्या हाताला समुद्र, आणि दोन्ही शब्द एकाच बाईला दिलेले. त्याचा चेहरा मी इतकी वर्षं साबण लावून बघत आलो होतो, पण तसा कधी पाहिला नव्हता.

त्यानं हात क्लेमच्या काउंटरवर ठेवला. "क्लेम," तो म्हणाला, "मला तहान लागलीय."

 मग खिडकीशी खुर्ची सरकली.

"भर तो ग्लास," बेरिल म्हणाली.

"बेरिल, अगं..."

"माझ्या बापाच्या वेळी ती वाळूतली होती. आज गोठ्यातली कशी होईल? भर, क्लेम."

मी तिच्याकडं बघितलं. वाटलं होतं, आता तिच्या तोंडावर जिंकल्याचं हसू असेल. हसू नव्हतं. ती सिरिलकडं बघतही नव्हती; आपल्या सायडरच्या ग्लासात बघत होती. क्लेमनं बिअर भरली. सिरिलनं ती उभ्या उभ्या, औषध घेतात तशी संपवली आणि दोरी आणायला गेला.

रविवारी प्रार्थना सुटल्यावर व्हिकर बाईंनी त्याला दारात गाठलं. "सिरिल, एकच पक्षी आहे. अजून घरटं नाही, बीळ नाही. कायदाही तुम्हाला अडवत नाही. आणि नियम तर तुमचाच."

"नियम ऑलिव्हचा आहे, बाई."

"मग ऑलिव्हनं तुम्हाला यातून मोकळं केलं असतं."

"केलं असतं," सिरिल म्हणाला. "बेरिललाही केलं असतं. मी नाही केलं."

सोमवारी खणणारी माणसं आली, दोरी बघितली आणि परत गेली. दोरी बांधली होती ती ऑलिव्हच्या दगडाच्या अलीकडं. म्हणजे ती दोरीपलीकडं राहिली, समुद्राच्या बाजूला. त्या उन्हाळ्यात तो तिच्या थडग्यावर एकदाही फूल ठेवू शकला नाही. रोज सकाळी दोरीशी येऊन उभा राहायचा आणि तिथूनच बोलायचा. काय बोलायचा? मी विचारलं एकदा. म्हणाला, "किती बिळं झाली ते सांगतो. तिला बघायचं नाही, पण ऐकायला आवडतं."

गावात कुजबुज होतीच. कोणी म्हणे, म्हातारा हट्टी आहे. कोणी म्हणे, बेरिलला वरचढ व्हायला मिळू नये म्हणून चाललंय. माझी बायको म्हणाली, मेलेल्या बाईपेक्षा पाखरं मोठी झाली याला. मी या सगळ्यात भाग घेतला. नाही घेतला म्हणालो तर तुम्ही विश्वास ठेवणार आहात थोडाच? बेरिलनं मात्र एक शब्द काढला नाही. एका सकाळी मी तिला तिच्या माडीच्या खिडकीत पाहिलं. तिथून दोरी दिसते. ती हातात कप घेऊन उभी होती आणि तो दोरीशी बोलत होता. चहा केव्हाच गार झाला असणार.

जुलै कोरडा गेला. कडा टिकला. आम्हाला वाटायला लागलं, निभावलं बहुतेक. भिंगऱ्यांची दुसरी पिल्लं बिळांच्या तोंडाशी यायला लागली होती. ती उडाली की ऑगस्टअखेर जाणार, आणि दोरी सुटणार. मग आठवडाभर पाऊस लागला. रिपरिप नाही, सरळ.

मग एका सकाळी बेरिल माझ्या दारात आली. पायात गमबूट, हातात टोपली. "टेड, दुसरा कान धर. आणि तोंड मिटून ठेव. जमेल?"

"कडा गेला?"

"ऑलिव्हचा दगड खाली आहे. ओहोटी आहे अजून. चल."

खाली ओल्या मातीचा मोठा उतार झाला होता. दगड पालथा पडला होता. पाणी लांब होतं, पण परतायला लागलं होतं. बेरिलनं टोपलीत कापड पसरलं. मी ओळखलं ते. तिच्या लग्नाच्या जेवणाला टेबलावर घातलेलं, एकदाच वापरलेलं. मग ती गुडघ्यांवर बसली, समुद्राकडं पाठ करून, आणि हातांनी माती बाजूला करायला लागली. तिनं घाई केली नाही आणि वेळही घालवला नाही. मी माती सारत होतो. आयुष्यात एवढा वेळ मी कधी गप्प बसलो नव्हतो.

मी वर बघितलं. कड्याची नवी भिंत उघडी पडली होती आणि त्यात बिळं मधोमध कापल्यासारखी दिसत होती, रिकामी. भिंगऱ्या येत होत्या, चोचीत किडे घेऊन. जिथं बीळ होतं त्या जागी येऊन हवेत थबकायच्या, फिरायच्या, पुन्हा यायच्या. आमच्या पायांशी, मातीत, काय काय होतं ते मी सांगत नाही. बेरिलनंही पाहिलं. आम्ही एकमेकांकडं बघितलं आणि ती पुन्हा कामाला लागली.

पाणी दगडाला लागलं तेव्हा आम्ही टोपली उचलून वर निघालो होतो.

सिरिल मागच्या दाराशी उभा होता. गळ्यात टाय होता. मस्टर्ड कुंपणावर बसलं होतं, पण त्या दिवशी त्याला काम नव्हतं. रीत आहे, दारात उभं राहून नाव सांगायचं, ते मांजराला सांगून चालत नाही.

"सिरिल," बेरिल म्हणाली, "ऑलिव्ह आलीय."

त्यानं कापडावर हात ठेवला. 

"कोरडी आहे," ती म्हणाली. "पाणी यायच्या आधी आणली. त्यानं हात लावला नाही तिला."

सिरिलनं मान हलवली. मग विचारलं, "आणि पिल्लं?"

"उडाली होती," बेरिल म्हणाली. "सगळी."

तो माझ्याकडं वळला.  जन्मभर मी लोकांना मान सरळ ठेवा म्हणत आलो. त्या वेळी माझीच मान खाली-वर झाली. "सगळी," मी म्हणालो.

"बरं झालं," सिरिल म्हणाला. त्यानं टोपली आत घेतली आणि दार उघडंच ठेवलं. "या आत. चहा ठेवतो."

ऑलिव्हला गावामागं, बीटच्या शेतांकडं तोंड करून पुरलं, जॉर्ज गॉट्सच्या शेजारी. पुढं सिरिलही तिथंच गेला. मधल्या वर्षांत बेरिल त्याच्याशी सरळ बोलायची, म्हणजे बहुतेक रागवायचीच. मस्टर्ड लठ्ठ झालं.

गेल्या मार्चमध्ये पहिली भिंगरी बेरिलला दिसली. हेरिंगमध्ये येऊन तिनं डोक्यावरचा रुमाल सोडला आणि "आली" म्हणाली. क्लेमनं ग्लास भरला. तिला बिअर आवडत नाही. तोंड वाकडं करत घोट घोट पीत होती. मी जवळ जाऊन बसलो. माझ्या पोटात ते एक वाक्य इतकी वर्षं होतं, आणि तुम्हाला माहीतच आहे, माझ्या पोटात फार काही टिकत नाही.

"बेरिल, त्याला कळलं असेल का गं? पिल्लांचं?"

"दर ऑगस्टला तो दोरीशी उभा राहून पिल्लं बघायचा, टेड. कधी उडतात ते त्याला कळत नसेल?"

"मग त्यानं बरं झालं का म्हटलं?"

बेरिलनं उरलेली बिअर माझ्यापुढं सरकवली. "आपण दोघांनी सांगितलं म्हणून," ती म्हणाली, आणि दोरी बांधायला उठली.